शैक्षणिक परिसर, कामाची जागा आणि परवानाधारक शस्त्र : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील केज तालुक्याच्या मस्साजोग या गावचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून निर्घृण हत्या करण्यात आली. ही हत्या बंदुकीने झालेली नव्हती. तथापि या घटनेनंतर जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनाची जी झाडाझडती सुरू झाली, तीत सर्वांत आधी पुढे आला तो बंदुकीचाच प्रश्न. कमरेला पिस्तूल लावलेली छायाचित्रे, हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. त्याच वर्षी जून महिन्यात परळी शहरात मरळवाडीच्या सरपंचांचा गोळ्या झाडून खून झालेला होता, त्याचेही स्मरण लोकांना झाले. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार बीड जिल्ह्यात १,२२२ शस्त्र परवाने होते, तर शेजारच्या परभणी जिल्ह्यात ही संख्या केवळ ३२ होती. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बीडची लोकसंख्या सुमारे २५.८५ लाख व परभणीची सुमारे १८.३६ लाख आहे. हे आकडे ग्राह्य धरल्यास बीडमध्ये दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४७ परवाने पडतात आणि परभणीत दोनही पडत नाहीत. दोन्ही जिल्हे मराठवाड्यातील, दोन्ही कोरडवाहू शेतीचे, दोन्हींना लागू असलेला कायदा एकच. मग हा फरक कोठून आला?

पुढे शासनाच्या सूचनेनुसार परवान्यांची फेरतपासणी झाली आणि २०२५ मध्ये जिल्हा प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. या सर्व चर्चेचा भर परवाना कोणाला मिळाला व कोणाच्या शिफारशीने मिळाला यावर राहिला आणि ते स्वाभाविकही होते. परंतु त्याच्या जोडीचा एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. परवाना रीतसर आहे असे मानले, तरी तो धारण करणाऱ्याने आपले शस्त्र कोठे न्यावे आणि कोठे नेऊ नये? विशेषतः शाळा, महाविद्यालय, कारखाना, कार्यालय येथे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा प्रचलित कायद्याच्या आधारे विचार केला आहे. तुलनेसाठी अमेरिकेतील काही राज्यांच्या कायद्यांचा आधार घेतला आहे, कारण या विषयावर तेथील विधिमंडळांनी व न्यायालयांनी जेवढा खल केला आहे तेवढा अन्यत्र क्वचितच झाला असेल.

कायदा केंद्राचा, अंमल जिल्ह्याचा

शस्त्रांविषयी कायदा करण्याचा अधिकार आपल्या राज्यघटनेने राज्यांना दिलेला नाही. सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या पाचव्या नोंदीत शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हे विषय आहेत. त्यामुळे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ हे देशभर सारखेच लागू होतात. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय मात्र राज्यसूचीत आहेत. शस्त्रबंदीचे जे आदेश आपण वृत्तपत्रांत वाचतो ते या दुसऱ्या अधिकारातून, म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली निघतात.

शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क भारतीय नागरिकाला नाही. स्वातंत्र्यपूर्व काळात १८७८ च्या शस्त्र कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने सातत्याने आवाज उठविला होता आणि १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेशही होता. पण डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी याच आशयाची दुरुस्ती मांडली, तेव्हा ती फेटाळली गेली. आज घटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख येतो तो नकारार्थीच. नागरिकांना शांततेने व ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचा अधिकार आहे. परवाना हा हक्क नसून सवलत आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात सतत लक्षात ठेवावी लागते.

ही सवलत देणारा अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी (पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्त). अर्ज आला की पोलिसांचा अहवाल मागविला जातो. अर्जदाराच्या जीवितास धोका आहे किंवा नाही, त्याच्यावर गुन्हे आहेत किंवा कसे, हे पाहून कलम १३ व १४ प्रमाणे परवाना दिला अथवा नाकारला जातो. नाकारल्यास कलम १८ खाली अपील आहे. अधिनियमाचा मजकूर दिल्लीत लिहिला गेला असला, तरी ‘जीवितास धोका’ या शब्दांचा अर्थ बीडमध्ये एक लावला जातो आणि परभणीत दुसरा. वर दिलेल्या दोन आकड्यांतील तफावतीचे मूळ येथे शोधावे लागते. अमेरिकेत राज्यागणिक कायदा बदलतो असे आपण ऐकतो. आपल्याकडे कायदा न बदलता जिल्ह्यागणिक त्याचा अंमल बदलतो.

परवान्यावरील अट

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. महाविद्यालयाच्या आवारात परवानाधारक व्यक्तीने पिस्तूल आणावे की नाही, याचे उत्तर अधिनियमाच्या कलमांत शोधू गेल्यास सापडत नाही. ते सापडते परवान्याच्या नमुन्यात. वैयक्तिक संरक्षण, क्रीडा वा प्रदर्शन यांसाठीचा परवाना ज्या ‘नमुना तीन’मध्ये दिला जातो, त्यावर अटी छापलेल्या असतात. त्यांतील एका अटीचा आशय असा आहे : परवानाधारकाने शस्त्र केवळ परवान्यात नमूद केलेल्या प्रयोजनासाठी सद्भावपूर्वक बाळगावे, आणि जिल्हादंडाधिकाऱ्याने विशेष प्राधिकृत केले नसेल तर ते जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, अन्य सार्वजनिक जमावात किंवा कोणत्याही शैक्षणिक संस्थेच्या आवारात अथवा परिसरात नेऊ नये.

ही अट नवी नाही. १९६२ च्या जुन्या शस्त्र नियमांतील नमुन्यातही ती होती. परळी वैजनाथची महाशिवरात्र, कपिलधारची यात्रा, गावोगावचे हरिनाम सप्ताह, राजकीय मेळावे आणि महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन ही सर्व ठिकाणे या एका वाक्यात बसतात. परवाना मिळविण्यासाठी वर्ष-दोन वर्षे खेटे घालणारा मनुष्य तो हाती पडल्यावर अटींचा मजकूर वाचत असेल, असे मानण्यास फारसा आधार नाही. आणि प्राचार्यांच्या दालनात तर हा कागद कधी येतच नाही.

अटीतील शब्द व्यापक आहेत. ‘आवार अथवा परिसर’ म्हणताना वर्गखोली, वाहनतळ, मैदान, वसतिगृह असा भेद केलेला नाही. त्यामुळे गाडीच्या खणात पिस्तूल ठेवून गाडी आत आणणे हेही शस्त्र आत नेणेच होय. शस्त्र दिसत होते की झाकलेले होते, याने येथे फरक पडत नाही. शस्त्र नियम, २०१६ च्या नियम ३२ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी अग्निशस्त्र नेताना ते होल्स्टरमध्ये वा तत्सम पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या प्रभावी ताब्यात असले पाहिजे. शस्त्र परजणे वा गोळी झाडणे यांस पूर्ण मनाई आहे. पण हा नियम बाजारपेठ वा रस्ता यांसारख्या ठिकाणांसाठी आहे. शैक्षणिक परिसरात झाकून नेलेले शस्त्रही अटीच्या विरुद्धच ठरते.

या अटीला अपवाद कोणते? पहिला, वर म्हटल्याप्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्याच्या विशेष अनुमतीचा. दुसरा, कलम ४५ मधून येणारा; आपल्या कर्तव्याच्या ओघात शस्त्र बाळगणाऱ्या लोकसेवकाला हा अधिनियम लागू होत नाही. परीक्षा केंद्रावर बंदोबस्तास आलेला सशस्त्र पोलीस किंवा शासनाने एखाद्या लोकप्रतिनिधीस दिलेला पोलीस अंगरक्षक या सदरात येतो. त्याच कलमात राष्ट्रीय छात्रसेनेच्या सदस्यांचाही उल्लेख आहे, म्हणून छात्रसैनिकांचा रायफलीचा सराव हा शस्त्र अधिनियमाचा भंग ठरत नाही. परंतु एखाद्या पुढाऱ्याबरोबर फिरणारा, स्वतःच्या नावावर परवाना असलेला खासगी सोबती या दोहोंपैकी कोणत्याही अपवादात बसत नाही. सफारी घातलेला पोलीस आणि सफारी घातलेला खासगी इसम यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र एक कर्तव्यावर असतो आणि दुसरा अटीचा भंग करीत असतो.

एकच प्रवेशद्वार, दोन शिक्षा

अटीचा भंग झाल्यास काय होते? त्यासाठी स्वतंत्र शिक्षा नसल्याने कलम ३० लागू होते. सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढीच तीत तरतूद आहे. दोन हजार रुपये ही रक्कम पिस्तुलाच्या किमतीच्या तुलनेत नगण्य आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

याच्याशेजारी दुसरी एक तरतूद ठेवून पाहावी. बीड जिल्ह्यातील कितीतरी शाळा-महाविद्यालयांच्या इमारती निवडणुकीत मतदान केंद्र म्हणून वापरल्या जातात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये १९९६ साली घातलेल्या कलम १३४-ख नुसार मतदानाच्या दिवशी मतदान केंद्राच्या परिसरात निवडणूक अधिकारी, पोलीस आणि शांतता राखण्यासाठी नेमलेल्या व्यक्ती यांखेरीज कोणी सशस्त्र गेल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अपराध सिद्ध झाल्यास शस्त्र जप्तीस पात्र ठरते आणि परवाना रद्द झाल्याचे मानले जाते. त्यासाठी वेगळा आदेश काढावा लागत नाही. शिवाय निवडणुकीपूर्वी जिल्हास्तरीय छाननी समिती परवान्यांची तपासणी करते व आवश्यक वाटेल तेथे शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात.

म्हणजे इमारत तीच, फाटक तेच, पिस्तूल तेच आणि ते नेणारा माणूसही तोच. विधानसभेसाठी मतदान झाले त्या २० नोव्हेंबर २०२४ रोजी तो आत आला असता तर दोन वर्षांचा कारावास आणि परवान्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्ग भरलेले असताना आला तर अधिकात अधिक सहा महिने, आणि तेही परवान्यावरची ती ओळ कोणाच्या ध्यानात आली तर. मतदाराला जे संरक्षण एका दिवसासाठी मिळते ते विद्यार्थ्याला वर्षभर मिळत नाही. कायदेमंडळाने हे हेतुपुरस्सर केले असे म्हणता येणार नाही. निवडणुकीतील बळजबरीचा अनुभव कायदेमंडळापुढे होता, म्हणून तेथे स्वतंत्र कलम आले. शैक्षणिक परिसराचा विचार मात्र परवान्याच्या पाठीवरच राहून गेला.

२०१९ मध्ये शस्त्र अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली गेली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आणि विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा वाढवून किमान दोन व कमाल पाच वर्षे करण्यात आली. सार्वजनिक मेळावे, धार्मिक स्थळे, लग्नसमारंभ यांत हौसेखातर बेदरकारपणे गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी नवी तरतूदही आली. वरातीतील गोळीबाराचे प्रकार पाहता ती आवश्यकच होती. पण शैक्षणिक परिसरात शस्त्र नेण्याच्या प्रश्नाला त्या वेळीही कोणी हात लावला नाही. कलम ३० मधील दोन हजार रुपये जसेच्या तसे राहिले.

राज्याच्या अधिकारातील कलम ३७ चा उल्लेख वर आलाच आहे. या कलमाखाली जिल्हादंडाधिकारी शस्त्रे, तलवारी, भाले, सोटे, काठ्या व शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरण्यास मनाई करू शकतात. भंग करणाऱ्यास कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. सण, मोर्चे, आंदोलने यांच्या निमित्ताने बीडमध्ये असे आदेश वरचेवर निघतात. मात्र ते साधारणतः पंधरवड्याच्या मुदतीचे असतात आणि त्यांचा हेतू त्या त्या वेळचा तणाव निवळावा एवढाच असतो. शैक्षणिक परिसराच्या नित्य सुरक्षिततेचा भार अशा तात्पुरत्या आदेशांवर टाकता येत नाही.

येथे एका स्थानिक गोष्टीची नोंद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. शस्त्र अधिनियमातील ‘शस्त्र’ या संज्ञेतून केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू वगळल्या आहेत. ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडमध्ये ‘कोयता’ हे मजुरीच्या हिशेबाचे एकक आहे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. हा कोयता घेऊन ऊसतोड्या साखर कारखान्याच्या आवारात गेला तर तो अधिनियमाप्रमाणे शस्त्र नेत नाही, आपल्या पोटाचे साधन नेतो. त्याच्या मालकाच्या वा मुकादमाच्या कमरेला पिस्तूल असेल, तर मात्र ते शस्त्र असते.

विद्यार्थी आणि शस्त्र

कलम ९ प्रमाणे एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला अग्निशस्त्र धारण करता येत नाही. (नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी बारा वर्षांवरील मुलांना विहित देखरेखीखाली शस्त्र वापरता येते, हा वेगळा भाग.) पदवी वर्गातील बहुतेक विद्यार्थी या मर्यादेच्या आत येतात. म्हणून त्यांच्यापैकी कोणाच्या दप्तरात पिस्तूल सापडलेच तर ते एक तर गावठी कट्टा असते किंवा घरातील कोणा मोठ्या माणसाचे परवान्यावरील शस्त्र.

या दुसऱ्या शक्यतेची उदाहरणे आपल्या देशात घडलेली आहेत. ११ डिसेंबर २००७ रोजी गुडगावमधील एका खासगी शाळेत आठवीतील विद्यार्थ्याची शाळेतच गोळ्या झाडून हत्या झाली; वापरलेले पिस्तूल आरोपी विद्यार्थ्यांपैकी एकाच्या वडिलांचे होते. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातीलच यमुनानगर येथे बारावीतील विद्यार्थ्याने वडिलांच्या रिव्हॉल्व्हरने शाळेच्या प्राचार्यांवर गोळ्या झाडल्या व त्यात त्यांचा मृत्यू झाला. या दोन्ही घटनांत शस्त्र शाळेत आले ते घरातून. परवानाधारक वडिलांनी स्वतः शाळेत पिस्तूल आणले नव्हते, म्हणून अटीचा शब्दशः भंग त्यांच्याकडून झाला नाही. पण शस्त्र सुरक्षित, कुलुपात ठेवण्याची जी जबाबदारी परवान्याबरोबर येते तीच पार पडली नाही. बीडमध्ये हजाराहून अधिक घरांत परवान्याची शस्त्रे होती, ही बाब या दृष्टीने शिक्षकांनी विचारात घ्यावी अशी आहे.

अमेरिकेतील राज्यांचे कायदे

अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते. त्यामुळे तेथील प्रश्न आपल्या नेमका उलट्या दिशेने उभा राहतो. आपल्याकडे परवानगी कोठे मिळते हे पाहावे लागते. तेथे मनाई कोठे करता येते हे. १९९० मध्ये तेथील केंद्रीय विधिमंडळाने शाळेभोवतालच्या क्षेत्रात बंदूक बाळगण्यास मनाई करणारा कायदा केला. सॅन अँटोनिओ येथील एका बारावीच्या विद्यार्थ्यावर त्याखाली खटला झाला, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच केंद्राच्या अधिकाराबाहेरचा ठरविला. दुसऱ्या वर्षी त्यात सुधारणा करून तो पुन्हा आणावा लागला. आपल्या संघसूचीतील पाचव्या नोंदीमुळे असा पेच भारतात उद्भवू शकत नाही, ही एक जमेची बाजू म्हटली पाहिजे. २००८ च्या व २०२२ च्या निकालांत त्याच न्यायालयाने शस्त्राचा हक्क अधिक विस्तृत केला. तरीही शाळा व शासकीय इमारती यांसारख्या ‘संवेदनशील जागां’वर बंदी ठेवता येते, हे मान्य केले.

महाविद्यालयांच्या बाबतीत राज्याराज्यांत तीव्र मतभेद आहेत. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने बत्तीस जणांचे प्राण घेतले. त्यांत मूळचे तमिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी यांचाही समावेश होता. या घटनेतून एकाच देशात परस्परविरोधी धडे घेतले गेले. काहींनी परिसर पूर्णतः शस्त्रमुक्त असावा असे म्हटले. काहींनी, वर्गात दुसऱ्या कोणाजवळ बंदूक असती तर जीव वाचले असते, असा युक्तिवाद केला. दुसऱ्या मताचा विजय टेक्सासमध्ये झाला. तेथे २०१५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने परवानाधारकांना शासकीय विद्यापीठांच्या इमारतींत झाकलेले पिस्तूल नेण्याची मुभा दिली. हा कायदा १ ऑगस्ट २०१६ रोजी अमलात आला. १९६६ मध्ये याच तारखेला ऑस्टिन येथील विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका माणसाने गोळीबार करून अनेकांचे बळी घेतले होते. त्या घटनेला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे झाली.

ऑस्टिनमधील तीन प्राध्यापिकांनी या कायद्याला आव्हान दिले. त्यांचा मुद्दा शिक्षकवर्गाने लक्षपूर्वक समजून घेण्यासारखा आहे. वादग्रस्त विषय वर्गात शिकविताना समोर बसलेल्यांपैकी कोणाजवळ पिस्तूल आहे हे माहीत नसेल, तर शिक्षक आपोआपच जपून बोलतो. चर्चा आखूड होते, कमी गुण देताना हात कचरतो. म्हणून हा कायदा विचारस्वातंत्र्याचा संकोच करतो, असे त्यांचे म्हणणे होते. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ही भीती अनुमानावर आधारलेली आहे, असे म्हणून दावा फेटाळला. न्यायालयाला पुराव्यावाचून भीतीची दखल घेता आली नाही, हे समजण्यासारखे आहे. पण परीक्षा केंद्रावर कॉपी पकडणाऱ्या पर्यवेक्षकाला ही भीती अनुमानाची वाटेल का, हे मराठवाड्यातील कोणत्याही प्राध्यापकास वेगळे सांगावे लागत नाही.

कामाच्या जागेचा प्रश्न तेथे वाहनतळावरून उद्भवला. ओक्लाहोमा राज्यात २००२ मध्ये एका कागद कारखान्याने वाहनतळावरील गाड्यांची झडती घेऊन बंदुका ठेवणाऱ्या कामगारांना कामावरून काढले. त्यावर २००४ मध्ये राज्याने कायदा केला की, कुलूपबंद गाडीत शस्त्र ठेवण्यास मालकाने मनाई करू नये. खालच्या न्यायालयाने तो रोखला, २००९ मध्ये अपील न्यायालयाने तो वैध ठरविला. फ्लोरिडाने २००८ मध्ये तसाच कायदा केला होता. मालकाचा आपल्या जागेवरील हक्क श्रेष्ठ की कामगाराचा गाडीतील शस्त्रावरील, असा हा वाद होता.

कामाची जागा आणि महाविद्यालय : येथील स्थिती

भारतात हा वाद उद्भवत नाही, कारण येथे शस्त्राचा हक्कच नाही. कारखाना, जिनिंग, पवनऊर्जेचा प्रकल्प किंवा खासगी कार्यालय यांचा मालक आपल्या जागेत शस्त्र आणण्यास मनाई करू शकतो आणि ती मोडून आत शिरणाऱ्यास बाहेर काढू शकतो. मात्र परवान्याच्या अटीत शैक्षणिक संस्थेप्रमाणे कामाच्या जागेचा उल्लेख नाही. मालकाने स्वतःच मनाई केली नाही, किंवा मालक स्वतःच पिस्तूल घेऊन बसला, तर कामगाराच्या बाजूने कायदा फारसे काही बोलत नाही. ही उणीव मोठी आहे, आणि खंडणी व धमक्यांच्या तक्रारी ज्या जिल्ह्यात औद्योगिक प्रकल्पांच्या संदर्भात झाल्या तेथे ती अधिकच जाणवते.

शैक्षणिक संस्थेची बाजू त्या मानाने भक्कम आहे. पण अट अस्तित्वात असणे आणि तिचा अंमल होणे यांत अंतर आहे. शस्त्र पाहून परवाना दाखविण्याची मागणी करण्याचा अधिकार कलम १९ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यास आहे; तो प्राचार्यांना किंवा फाटकावरील रखवालदाराला नाही. प्राचार्य प्रवेश नाकारू शकतात, आणि पोलिसांना कळवू शकतात. कलम ३८ अन्वये अधिनियमाखालील प्रत्येक अपराध दखलपात्र असल्याने पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. परंतु त्याहून परिणामकारक मार्ग दुसरा आहे. कलम १७ नुसार परवान्याच्या कोणत्याही अटीचा भंग हे परवाना निलंबित वा रद्द करण्याचे स्वतंत्र कारण आहे. त्यासाठी खटला चालून शिक्षा व्हावी लागत नाही. दोन हजार रुपयांच्या दंडाची कोणाला भीती वाटत नसेल; परवाना जाण्याची भीती मात्र प्रत्येक परवानाधारकास असते. म्हणून महाविद्यालयाने दिनांक, वेळ व घटना नमूद करून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठविलेले एक पत्र प्रथम खबरीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक काम करू शकते.

हे पत्र कोण लिहिणार, येथे खरी अडचण सुरू होते. ग्रामीण भागातील पुष्कळ महाविद्यालये स्थानिक नेतृत्वाने उभी केलेल्या संस्थांची आहेत आणि त्यांनी या भागात शिक्षण आणले, हे नाकारता येत नाही. परंतु आवारात शस्त्र येते ते बहुधा अनोळखी माणसाबरोबर येत नाही. ते संस्थेच्या कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्याबरोबर, पदाधिकाऱ्याच्या सोबत्याबरोबर, देणगीदाराच्या गाडीतून येते. तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक, ज्याची पुढील वर्षीची नेमणूक याच मंडळींच्या हाती आहे, त्याने फाटकाशी उभे राहून अट दाखवावी ही अपेक्षा व्यवहार्य नाही. म्हणून हा नियम व्यक्तीच्या धैर्यावर न सोडता संस्थेच्या नित्य व्यवहारात आणावा लागतो. प्रवेशद्वारावर परवान्याच्या अटीचा उल्लेख असलेला फलक लावणे, निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी एक ओळ छापणे, स्थानिक पोलीस ठाण्यास सत्राच्या आरंभी लेखी कळविणे आणि पोलीस अंगरक्षकाखेरीज अन्य सशस्त्र व्यक्तीने आवाराबाहेर थांबावे असा ठराव महाविद्यालय विकास समितीत करून घेणे, या गोष्टींना खर्च नाही आणि त्यांसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

जिल्हा प्रशासनालाही यात करण्यासारखे आहे. परवाना देताना व दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना ही अट मराठीत वाचून दाखवून तिच्याखाली वेगळी सही घेतली, तर ‘ठाऊक नव्हते’ हा बचाव उरणार नाही. २०२५ मधील फेरतपासणीत ज्यांचे परवाने कायम राहिले, त्यांच्याकडून तरी अशी सही पुढील नूतनीकरणाच्या वेळी घेता येईल.